वऱ्हाडांतील गोंदण आणि श्वानस्मृति

१. प्रास्ताविक

बखर, सनद, महजर, ताम्रपट आणि शिलालेख हीं इतिहासाचीं साधनें जमविण्याकडे आपल्या संशोधकांचें लक्ष शंभर वर्षांहून अधिक काळ लागलेलें आहे, व त्याचें फळही चांगलें मिळालें आहे. परंतु एक साधन असें आहे कीं, तें कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचें नाहीं, त्याची नक्कल क्वचितच कोणी उतरून ठेवलेली असते, आणि ज्या देहावर तें असतें त्या देहाबरोबरच तें चितेवर जळून जातें. हें साधन म्हणजे गोंदण होय. हस्तलिखितांच्या संग्राहकांस वाळवीचें भय ठाऊक आहे. पण वाळवी निदान कांहीं वर्षें घेते. गोंदणाचा नाश एका संध्याकाळांत होतो.

या विषयाकडे लक्ष वेधण्यास निमित्त झालें तें अगदीं आजकालचें आहे. अमरावती व अकोला या शहरांतील तरुण मंडळींत, घरांतील लाडका कुत्रा निवर्तला असतां त्याच्या स्मरणार्थ मनगटावर किंवा दंडावर एखादी लहानशी खूण गोंदवून घेण्याची चाल दिसूं लागली आहे. कोणी पंजाचा ठसा घेतो, कोणी नुसता कानाचा व नाकाचा एकरेषी आकार घेतो, कोणी नांवाचें पहिलें अक्षर घेतो. खूण जितकी लहान तितकी ती चांगली, असा या मंडळींचा अभिप्राय असतो. वडीलधारे लोक यास परकीयांची नक्कल म्हणून नाक मुरडतात. कुत्र्यासाठीं अंगाला सुई लावून घ्यावयाची ही कल्पनाच त्यांस विपरीत वाटते.

हा आक्षेप कितपत खरा आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. वरील चालीचे दोन घटक आहेत. एक, स्मरणाची खूण त्वचेवर करणें. दुसरा, कुत्र्याचें स्मारक करणें. हे दोन्ही घटक वेगवेगळे घेऊन तपासले असतां दोन्ही या देशांत जुने आहेत असें दिसून येईल. नवा आहे तो त्यांचा संयोग. तो संयोग कां घडला, आणि त्यावरून संशोधकांवर कोणतें काम येऊन पडतें, तें शेवटीं सांगितलें आहे.

२. गोंदणाची रीत

गोंदणें हें क्रियापद मराठींत रूढ आहे. हिंदींत गोदना म्हणतात. तमिळांत या क्रियेस हिरवें टोंचणें या अर्थाचें नांव आहे. आपल्याकडेही स्त्रिया हिरवें गोंदण असेंच म्हणतात. वस्तुतः घालावयाचें द्रव्य काळें असतें. दिव्याचें काजळ पाण्यांत, दुधांत किंवा एखाद्या पाल्याच्या रसांत कालवून सुयांच्या जुडीनें तें कातडीच्या आंत भरतात. कातडीच्या वरच्या थराची नित्य झीज होते व तो नवा येतो. परंतु काजळाचे कण त्याखालच्या थरांत जाऊन बसतात आणि तेथील पेशी ते धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या कीं नव्या पेशी तेच कण पुन्हां धरतात. म्हणून खूण जन्मभर राहते. आणि खोलवर असलेलें काळें द्रव्य वरच्या कातडींतून पाहिलें असतां निळसर हिरवें दिसतें, म्हणून त्यास हिरवें हें विशेषण पडलें.

कण जागचे हलत नाहींत असें मात्र नाहीं. वर्षें लोटतात तसे ते थोडे पसरतात, व बारीक रेघ जाड होते. जवळजवळ काढलेल्या दोन रेघा वीस-तीस वर्षांनीं एक होऊन जातात. जुन्या गोंदणांत सुटे ठिपके व ठळक रेघा यांवर भर दिसतो, त्याचें हेंही एक कारण असावें. हनुवटीवरचा एकच ठिपका, कपाळावरची चंद्रकोर, हातावरचें तुळशीवृंदावन, विंचू, मोर, नवऱ्याचें किंवा भावाचें नांव, रामाचें नांव, हीं आपल्या परिचयाचीं गोंदणें होत. मुलीचें लग्न होण्यापूर्वीं गोंदवून घेण्याची चाल पुष्कळ जातींत होती, आणि गोंदणारणीस मोबदला बहुधा धान्याच्या रूपानें मिळे. दागिने येथेंच राहतात, सोबत येतें तें गोंदण, अशी स्त्रियांची समजूत अनेकांनीं टिपून ठेवलेली आहे. स्मृति आणि गोंदण यांचा संबंध या समजुतींतच आला आहे.

मध्यप्रांत-वऱ्हाडांतील जातिजमातींविषयीं लिहितांना नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचीं टिपणें (प्रकाशन इ. स. १८६६) व रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ (इ. स. १९१६) यांचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या ग्रंथांत गोंड इत्यादि लोकांच्या गोंदणांचीं वर्णनें आलेलीं आहेत. मेळघाटांतील कोरकू, यवतमाळकडील गोंड व कोलाम आणि सर्व वऱ्हाडभर पसरलेले बंजारा यांच्या स्त्रियांत गोंदण विपुल होतें. तें केवळ शोभेसाठीं नव्हे, तर कुळाची, कुमारीपणाची वा सौभाग्याची ओळख आणि विषारी जीवांपासून संरक्षण अशा अनेक हेतूंनीं करीत.

येथें एका गैरसमजाचा परिहार करणें अवश्य आहे. गोंदण म्हणजे गुन्हेगाराची खूण, असें कांहीं सुशिक्षित घराण्यांत मानीत. याचें मूळ इंग्रजी अमलांत आहे. बंगालच्या १७९७ च्या कायद्यानें खोटी साक्ष देणाऱ्याच्या व इतर कांहीं अपराध्यांच्या कपाळावर त्यांचा अपराध गोंदण्याची शिक्षा लावली होती, व पुढें ठगांनाही ती लागू झाली. ही शिक्षा १८४९ सालीं कायद्यानें रद्द करण्यांत आली. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें तें १८५३ च्या तहान्वयें. म्हणजे शिक्षा रद्द झाल्यावर चार वर्षांनीं. तेव्हां वऱ्हाडांतील गोंदणास हा डाग या मार्गानें लागलेला नाहीं.

त्वचेवरील खुणांचें प्राचीनत्वही लक्षांत घ्यावें. आल्प्स पर्वताच्या बर्फांत १९९१ सालीं सांपडलेल्या, सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या मनुष्याच्या देहावर एकसष्ट गोंदलेल्या खुणा मोजल्या गेल्या. त्यांत चित्र एकही नाहीं. सर्व लहान रेघा व फुल्या आहेत. थोडक्यांत खूण करण्याची आवड आजच्या तरुणांनीं नवी काढली, हें म्हणणें यापुढें टिकत नाहीं.

३. श्वानस्मारकाचीं तीन उदाहरणें

आतां दुसरा घटक. धर्मशास्त्राच्या व्यवहारांत कुत्र्याचा स्पर्श अमंगल मानला असला, तरी त्याच व्यवहारांत वैश्वदेवाच्या वेळीं यमाच्या श्याम व शबल या दोन श्वानांच्या नांवें बलि काढून ठेवावा लागतो. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांत धर्मराज कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो. श्रीदत्ताच्या प्रचलित मूर्तिचित्रांत चार कुत्रे असतात व त्यांस चार वेद म्हणतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. अमंगल आणि पूज्य हे दोन्ही भाव असे एकाच प्राण्याच्या ठिकाणीं शेजारीं राहिले आहेत.

हीं झालीं दैवत-कथा. विशिष्ट नांवाच्या, विशिष्ट धन्याच्या कुत्र्याचें स्मारक, असें म्हटलें असतां तीन उदाहरणें पुढें येतात. तिन्हींच्या पुराव्याची प्रत निराळी आहे, म्हणून तीं क्रमानें पाहावयाचीं आहेत.

पहिलें उदाहरण आतकूर येथील शिळेचें. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचें नांव वऱ्हाडच्या अभ्यासकांस परकें नाहीं, त्याचा शके ८६२ (इ. स. ९४०) चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें मिळालेला आहे. याच कृष्णानें तक्कोलमच्या लढाईंत चोल राजपुत्र राजादित्याचा पराभव केला, व त्यांत गंग राजा बूतुग यानें त्यास साह्य केलें. बूतुगाचा मणलेर नांवाचा एक शूर सेवक होता. धन्यानें प्रसन्न होऊन काय पाहिजे तें माग म्हणतांच त्यानें गांव वा सोनें न मागतां काळी नांवाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढें एका मोठ्या रानडुकराशीं झुंजतांना काळी व डुक्कर दोघेही मेले. त्याच्या स्मरणार्थ आतकूरच्या देवळापुढें शिळा उभी केली, व तिच्यासाठीं जमीन लावून दिली. शिळेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरली असून लेख शके ८७२ (इ. स. ९४९-५०) चा आहे. ती शिळा आज बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत आहे. येथें लेख समकालीन आहे, धन्याचें व कुत्र्याचें नांव आहे, मृत्यूचें कारण आहे व जमिनीचें दान आहे. इतिहासाच्या दृष्टीनें यापेक्षां अधिक कांहीं मागावयास नको.

दुसरें उदाहरण साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचें. वाघाच्या शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचा प्राण वांचविला, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान मिळाला. आणि एका सरदाराची भेट घेतांना महाराजांनीं कुत्र्यास जरीचा पोषाख व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, असा वृत्तांत ग्रांट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिला आहे. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें या कुत्र्याचें दगडी स्मारक दाखवितात. शाहू महाराज १७४९ सालीं वारले. तेव्हां लिखित वृत्तांत घटनेनंतर पाऊण शतकाहून अधिक काळानें आलेला आहे; परंतु दगड जागेवर आहे, आणि धनी व कुत्रा यांची सांगड स्थळाशीं जुळते. ही मध्यम प्रतीची साक्ष होय. वऱ्हाडशीं या प्रकरणाचा धागा असा कीं, १७०७ सालीं मोंगलांच्या कैदेंतून सुटून आलेल्या शाहूस प्रथम येऊन मिळणाऱ्यांत वऱ्हाडांतून आलेले परसोजी भोसले होते. हाच खरा शाहू अशी लोकांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं एका ताटांत त्याच्याबरोबर भोजन केलें. ज्या राजाची ओळख पटण्यास एका ताटाची साक्ष लागली, त्यानें आपल्या पगडीचा मान कुत्र्यास दिला, हा योग चिंतनीय आहे.

तिसरें उदाहरण रायगडावरील वाघ्याचें. शिवछत्रपतींच्या चितेंत त्यांच्या कुत्र्यानें उडी घेतली, ही कथा राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकामुळें घरोघर पोंचली. गडकरी १९१९ सालीं वारले; वाघ्याचें स्मारक गडावर १९३६ सालीं झालें, व त्यास होळकर घराण्याचें द्रव्यसाह्य झालें. महाराजांचें निधन १६८० सालचें. समकालीन कागदाचा आधार या कथेस दाखवितां आलेला नाहीं, हा इतिहासकारांचा आक्षेप प्रसिद्धच आहे. २०१२ सालीं तो पुतळा कांहीं मंडळींनीं उखडून टाकला, मग तो पुन्हां बसविण्यांत आला, आणि २०२५ सालीं तो काढण्याची मागणी फिरून पुढें आली.

तिन्ही उदाहरणें एकापुढें एक ठेविलीं कीं एक गोष्ट स्पष्ट होते. काळीवर वाद नाहीं. खंड्याविषयीं थोडी शंका घेतां येते. वाघ्यावर भांडण पेटतें. भांडणाचें कारण कुत्रा नव्हे. कागद नसतांना उभ्या राहिलेल्या दगडाचें तें भांडण आहे. जें स्मारक आपली साक्ष आपल्याबरोबर वाहतें तें टिकतें. जें वाहत नाहीं त्याची साक्ष पुढच्या पिढ्यांना आपापल्या मनाप्रमाणें लिहावी लागते.

४. वऱ्हाडांतील श्वान

खास वऱ्हाडांत कुत्र्याचें स्थान काय होतें, हें पाहूं गेल्यास प्रथम महानुभाव वाङ्मयाकडे वळावें लागतें. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर ही श्रीगोविंदप्रभूंची भूमि. येथेंच म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लीळाचरित्राच्या लीळा जमविल्या. शिकाऱ्यांनीं कुत्रे मागें लाविलेला ससा श्रीचक्रधरांच्या आसऱ्यास आला व त्यांनीं त्यास वांचविलें, ही लीळा सर्वांस माहीत आहे. येथें कुत्रा पाठलाग करणाऱ्याच्या बाजूस उभा आहे, आणि तरीही शिकारी व त्याचा कुत्रा ही त्या काळच्या वाटेवरची नेहमींची जोडी होती हें त्यावरून कळतें.

दुसरें स्थळ बहिरम. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशीं, चांदूर बाजार तालुक्यांत हें देवस्थान आहे. बहिरम म्हणजे भैरव, आणि भैरवाचें वाहन कुत्रा. डिसेंबरच्या उत्तरार्धांत सुरू होऊन महिन्याहून अधिक चालणारी येथील यात्रा वऱ्हाडांत सर्वांत प्रसिद्ध अशी आहे. अशा यात्रांतूनच गोंदणारे पाल ठोकून बसत. पूर्वीं सुयांची जुडी व काजळाची वाटी असे. पुढें विजेवर चालणारें यंत्र आलें. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली यानें १८९१ सालीं ज्याचें पेटंट घेतलें त्या यंत्राचाच हा वंश. ज्यांचें वाहन कुत्रा त्या देवाची यात्रा, आणि अशा यात्रांतून चालणारा गोंदण्याचा धंदा, अशी ही दोन सूत्रें वऱ्हाडी मनुष्याच्या एकाच वाटेवर पडत होतीं.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें प्रकरण बंजाऱ्यांचें आहे. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकांठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. बैलांचे हे तांडे बंजाऱ्यांचे. रात्रीं मुक्काम पडला कीं गोण्यांची भिंत रचून आंत माणसें व बाहेर कुत्रे, असा त्यांचा बंदोबस्त असे. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ सालीं नागपुरास पोंचली आणि तांड्यांचा मोठा व्यापार संपला. बंजाऱ्यांचें श्रेष्ठ तीर्थ पोहरादेवी हें पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें.

या तांड्यांबरोबर एक कथा देशभर फिरली. एका बंजाऱ्यास कर्ज पाहिजे होतें. तारण द्यावयास जवळ कांहीं नाहीं म्हणून त्यानें आपला कुत्रा सावकारापाशीं गहाण ठेविला. सावकाराच्या घरीं चोरी झाली. कुत्र्यानें चोरांचा माग काढून पुरलेला माल दाखविला. सावकार संतुष्ट झाला. कर्ज फिटलें, अशी चिठ्ठी लिहून त्यानें ती कुत्र्याच्या गळ्यांत बांधली व त्यास धन्याकडे सोडून दिलें. बंजाऱ्यानें दुरून कुत्रा येतांना पाहिला. याने वचन मोडून मला खोटें पाडलें, असें समजून त्यानें रागाच्या भरांत काठी घातली. कुत्रा मेला, मग गळ्यांतील चिठ्ठी दिसली. पश्चात्तापानें त्यानें कुत्र्याचें देऊळ बांधलें. छत्तीसगडांत बालोद जिल्ह्यांतील खपरी येथील कुकुरदेवाच्या देवळाची हीच कथा सांगतात, आणि इतर प्रांतांतही गांव व नांव बदलून ती ऐकूं येते. एकच कथा इतक्या ठिकाणीं लागू होते, त्यावरून ती कोण्या एका कुत्र्याचा वृत्तांत नव्हे हें उघड आहे. परंतु कर्ज, तारण, वचन व चिठ्ठी यांनीं विणलेली ही कथा तांड्याच्या व्यवहारांतून निघालेली आहे, यांत शंका घेण्याचें कारण नाहीं.

५. दोन धारांचा संगम

शिळा, जहागीर, देऊळ आणि कथा या चार रूपांनीं कुत्र्याची स्मृति राहिली. तीं रूपें पुरुषांच्या हातचीं आणि उघड्यावरचीं आहेत: रणांगण, शिकार, दरबार व वाटमारग. गोंदण मुख्यत्वें स्त्रियांचें व घरांतलें. तेथें कुळ, सौभाग्य, देव आणि नातें यांची नोंद होई. जुन्या घरांत कुत्रा अंगणापर्यंत येई. भाकरीचा तुकडा त्यास उंबऱ्याबाहेर मिळे. तो राखणदार होता, नातलग नव्हता. म्हणून त्याचा मान दगडाला मिळाला आणि नात्यांची नोंद त्वचेला, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

आज शहरांतील घरांना अंगण उरलें नाहीं. कुत्रा उंबरा ओलांडून आंत आला व मुलांबरोबर निजूं लागला. त्याचें आयुष्य दहा-बारा वर्षांचें. म्हणजे घरांतील मूल शाळेंत जाऊं लागलें तेव्हां आलेला कुत्रा तें मूल कॉलेजांत जाण्याच्या सुमारास जातो. पुष्कळांच्या आयुष्यांत जवळच्या जीवाचा पहिला मृत्यु हाच असतो. त्यास सुतक नाहीं, दहावा नाहीं, गांवांत त्याच्यासाठीं कोणी बोलावयास येत नाहीं. ज्या दुःखास समाजानें विधि दिलेला नाहीं तें दुःख मनुष्य स्वतःच्या अंगावर लिहून ठेवतो. आजीनें भावाचें नांव ज्या हातावर घेतलें, त्याच जागीं नात कुत्र्याची खूण घेते. आजीची व नातीची रीत एकच. नात्यांच्या यादींत मात्र एक भर पडली आहे. यास परकीय नक्कल म्हणण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें.

खुणेचें रूपही जुन्या व्याकरणास धरूनच आहे. पंजाचा ठसा म्हणजे एक मोठा व चार लहान ठिपके; आणि ठिपका हा तर आपल्या गोंदणाचा मूळ वर्ण. नांवाचें अक्षर घेणें हेंही जुनेंच. मात्र येथें एक चूक वारंवार होते, ती सांगितली पाहिजे. कुत्र्याच्या पावलाच्या ठशांत नखांच्या खुणा उमटतात. मांजर, बिबळा व वाघ यांच्या ठशांत त्या उमटत नाहींत, कारण चालतांना ते नखें आंत ओढून घेतात. मेळघाटांत माग काढणारे लोक याच भेदावरून जनावर ओळखतात. आजचे पुष्कळसे लहान ठसे नखांवांचून काढलेले असतात. अशा ठशावरून उद्यां कोणी जाणता मनुष्य, या बाईनें मांजर पाळलें होतें, असा निर्णय देईल! चार ठिपक्यांपुढें चार बारीक टिंबें दिल्यास खूण खरी होते. तीं थोडीं दूर द्यावीं. नाहींतर पूर्वीं सांगितल्याप्रमाणें वर्षांनुवर्षें पसरून तीं ठिपक्यांत मिसळून जातील. आणि सुई प्रत्येकास नवी असावी हा आग्रह धरावा. एकाच सुईनें अनेकांस गोंदल्यानें रक्तांतून पसरणारे कावीळ व एच. आय. व्ही. यांसारखे रोग होऊं शकतात. यात्रेंतील जुन्या रीतीचा हा दोष तेवढा उचलूं नये.

६. संशोधकांचें कर्तव्य

शेवटीं, ज्यासाठीं हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येतों. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपींत होत्या. किल्ली ज्यांच्याजवळ होती त्यांनाच त्या वाचतां येत. राजवाडे यांनीं ती लिपि उलगडल्यावर, आणि यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं व रिद्धपूरच्या परंपरेंतील जाणत्यांनीं पोथ्या उघड केल्यावर, मराठीचें आरंभीचें गद्य आपल्या हातीं आलें. पोथी तेथें होती म्हणून किल्ली उशिरां मिळूनही चाललें. गोंदणाचें उलट आहे. येथें किल्ली आणि पोथी एकाच देहांत आहेत. ज्या स्त्रीच्या हातावर चिन्ह आहे तिलाच त्याचें नांव ठाऊक आहे. खेड्यांतून गोंदण घेण्याची चाल गेल्या पन्नास-साठ वर्षांत झपाट्यानें ओसरली. पूर्वींच्या रीतीनें गोंदवून घेतलेल्या स्त्रिया आतां आज्या-पणज्या झाल्या आहेत. त्यांच्यामागें हीं चिन्हें पुन्हां पाहावयास मिळणार नाहींत.

म्हणून वऱ्हाडांतील संग्राहकांनीं पोथ्यांच्या शोधार्थ गांवोगांव जातांना हेंही टिपण करावें. चिन्हाचें नांव त्या बाईच्याच शब्दांत लिहावें, आपला अर्थ त्यांत मिसळूं नये. अंगाच्या कोणत्या जागीं आहे, किती वयांत घेतलें, कोणत्या गांवीं वा यात्रेंत घेतलें, गोंदणारीण कोणत्या जातीची, द्रव्य कोणतें, मोबदला काय दिला, गोंदतांना कोणतें गाणें म्हणत, हें विचारावें. पातळ कागद ठेवून आकार जशाचा तसा उतरावा व बाजूस मोजमाप लिहावें. तिची संमति असल्याशिवाय कांहीं करूं नये, व छायाचित्रासाठीं आग्रह तर मुळींच धरूं नये. पोथी देणारा ज्या विश्वासानें पोथी देतो त्याहून मोठा विश्वास हात पुढें करणारी ठेवीत असते. टिपणाच्या दोन प्रती कराव्या. एक संस्थेंत ठेवावी व दुसरी तिच्या घरच्यांस द्यावी.

आजच्या तरुणांच्या लहान खुणाही याच वहींत याव्या. हसण्यासारखें यांत कांहीं नाहीं. कुत्र्याचें नांव, वर्ष व खुणेचा आकार एवढें जरी लिहून ठेविलें, तरी शंभर वर्षांनीं वऱ्हाडांतील घराचा इतिहास लिहिणाऱ्यास, कुत्रा उंबऱ्याच्या आंत केव्हां आला, याचें उत्तर त्यांत मिळेल. काळीला शिळा मिळाली म्हणून आपण त्याविषयीं निःशंक बोलूं शकतों. वाघ्यास समकालीन ओळ मिळाली नाहीं, म्हणून त्याचा पुतळा आज वादांत उभा आहे.

बंजाऱ्याच्या कथेंत कुत्रा आपलें प्रमाणपत्र गळ्यांत घेऊन धन्यासमोर आला होता. धन्यानें तें वाचण्यापूर्वीं काठी उचलली, आणि मग देऊळ बांधीत बसला. आपल्या आज्यांच्या हातांवरील व नातवंडांच्या मनगटांवरील चिठ्ठ्या आपल्यासमोर आहेत. त्या न वाचतां त्यांस अडाणीपणा किंवा नक्कल असें नांव ठेवणें म्हणजे काठी आधीं उचलणें होय. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं त्या आतांच वाचून घ्याव्या.